दगडोबाच्या पाठीवरची थाप

१७ मे २००१ रोजी दगडोबाने हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या जनावरांच्या बाजारात पाच मेंढ्या सहा हजार दोनशे पन्नास रुपयांना विकल्या. पावती मीच फाडली. अंगठा उमटवायला तो टेबलावर वाकला आणि पुन्हा सरळ झालाच नाही. टेबलाची कड धरून खाली बसला, मग आडवा झाला.

मी या बाजारात हिशोबनीस आहे. बी.कॉम. झाल्यावर याच खुर्चीवर बसलो आणि येत्या मार्चमध्ये इथूनच निवृत्त होईन. उन्हाने पडलेली माणसं मी पाहिली होती. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तोंडावर पाणी मारलं. दगडोबाची बायको पंचफुलाबाई लिंबाखाली लोकरीचं गाठोडं घेऊन बसली होती, ती धावत आली. नेहमीचं ऊन लागणं नव्हे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी एक जीप थांबवली आणि आम्ही त्याला हिंगोलीला नेलं.

दवाखाना नवा होता. डॉक्टरीणबाई तरुण, नुकत्याच हैदराबादहून शिकून आलेल्या. सलाईन अर्धं संपलं तेव्हा दगडोबाने डोळे उघडले आणि मला विचारलं, "मुनीम, पैसे कुठंयत?"

"पंचफुलाबाईंच्या कमरेला."

"मंग बराबर हाय. तिथून मला बी मिळत न्हाईत."

डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हातात घेतला. बोटांची टोकं फुगीर, ढोल वाजवायच्या टिपऱ्यांसारखी, नखं फुगून गोल झालेली. खोकला कधीपासूनचा, असं त्यांनी विचारलं.

"खोकल्याच्या आधीचं काही आठवत न्हाई, बाई."

"टी.बी.च्या गोळ्या घेतल्या?"

"तीन डाव घेतल्या."

"थुंकीत टी.बी. निघाला होता?"

"एकदा बी न्हाई. तरी त्यांनी दिल्या. येवढ्या मायेनं कोणी दिलं तर न्हाई कसं म्हणावं?"

रक्त तपासून आलं. त्यात मीठ फार कमी होतं. जेवणात मीठ खातोस ना, असं बाईंनी विचारलं तेव्हा पंचफुलाबाई बोलल्या, "ह्यांनी मीठ खायचं अन् मेंढरांनी ह्यांना चाटायचं, असं चालतंय आमचं."

मी हसलो. दगडोबाच्या वस्तीवर ही जुनी चेष्टा होती. बाकीचे मेंढपाळ मेंढरांना मीठ विकत आणून चारतात. दगडोबा दुपारी झाडाखाली पडला की मेंढ्या येऊन त्याचे हात, मान, पोटऱ्या चाटत. थोरला भाऊ प्रभू म्हणायचा, "आमचा दगडू म्हणजे फुकटचं मीठ." घामाने भिजलेली त्याची बंडी वाळली की तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटत, आणि पंचफुलाबाई ती धुण्याआधी झटकत.

पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मग दगडोबाच्या कोपराजवळ बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मला ते चमत्कारिक वाटलं. दगडोबा म्हणाला, "बाई, तुमी बी?"

हैदराबादला लहान मुलांच्या वॉर्डात काम करताना त्यांनी असं खारट अंग पाहिलं होतं. आया सांगायच्या, लेकराचा मुका घेतला की ओठ खारट होतात. तो आजार जन्मतःच येतो. छातीत कफ घट्ट होऊन साठतो, घामावाटे मीठ भराभर निघून जातं. पण त्या वॉर्डातली मुलं मुलंच होती. मेंढ्या राखून चाळिशी ओलांडलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी आपल्या गुरूंना चिठ्ठी लिहून दिली.

पाऊस सुरू होण्याआधी आम्ही तिघे मीटरगेजच्या गाडीने हैदराबादला गेलो. हिंदी बोलायला आणि कागद भरायला मी. दगडोबाच्या दंडाला यंत्र लावून घाम काढला, तो टिपून घेऊन तपासला. इतरही तपासण्या झाल्या. शेवटी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सिस्टिक फायब्रोसिस. दगडोबाने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

डॉक्टर वयस्क होते, बोलणं हैदराबादी. म्हणाले, "मियाँ, इस बीमारी में बच्चे बड़े नहीं होते. तुम इत्ते बरस कैसे निकाल लिए?"

"मालूम नहीं था ना साब," दगडोबा म्हणाला. "मालूम होता तो कबका मर गया होता."

डॉक्टर मोठ्याने हसले. मग समजावून सांगितलं की त्याच्यातला आजार सौम्य जातीचा आहे. छाती रोज मोकळी केली, मीठ सांभाळलं, ताप आला की लगेच औषध घेतलं, तर अजून पुष्कळ वर्षं आहेत. आणि त्यांनी विचारलं, मुलंबाळं किती?

"एक भी नहीं," दगडोबा म्हणाला. डॉक्टरांना ते अपेक्षित असावं. या आजारात पुरुषाला बहुधा मूल होत नाही, आत रस्ताच नसतो, तपासणीत तसंच निघालं आहे, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण पंचफुलाबाईंना समजलं होतं.

"मंग माझ्यात काई न्हाई?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"नहीं अम्मा. आप में कुछ नहीं."

त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

त्या पदराआड काय होतं ते मला माहीत होतं, कारण वस्तीपासून माझं घर फार लांब नाही. लग्नाला वीस वर्षं उलटून गेली होती. वस्तीचे कारभारी किसनराव यांनी दगडोबाला दुसरं लग्न कर म्हणून दोनदा बैठक बसवली होती. दगडोबा दोन्ही वेळा बैठकीतून उठून मेंढ्या घेऊन दूर निघून गेला. त्याची बायको मात्र घरातच होती. बारशाला तिला पाळण्याजवळ येऊ देत नसत. हळदीला, ओटीला तिला कुणी बोलवत नसे. प्रभूची बायको लवकर गेली तेव्हा त्याची मुलगी दीपमाला दोन वर्षांची होती. तिला पंचफुलाबाईंनीच वाढवलं, न्हाऊ-माखू घातलं. आता दीपमालेची सुपारी डोंगरकडा गावच्या सटवाजींच्या मुलाशी फुटली होती, पुढच्या उन्हाळ्यात लग्न होतं. आणि ज्या चुलतीने तिला वाढवलं तिचा हात मात्र तिच्या हळदीला चालणार नव्हता. त्याबद्दल वस्तीत चर्चासुद्धा नव्हती.

परतीच्या गाडीत पंचफुलाबाईंनी बजावलं, "घरी ह्यातलं बोलायचं न्हाई."

"काहून?" दगडोबाने विचारलं.

"डॉक्टर काय म्हनला? आई-बापाकडून येतं. डोंगरकड्याला कळलं तर म्हनतील, ह्यांच्या रगतातच हाय. पोरीचं मोडंल. मला नाव ठेवून राहिले, ठेवू द्या. सवय हाय."

पूर्णा जंक्शन येईपर्यंत दगडोबा खिडकीबाहेर पाहत होता. माझ्याकडे वळून पंचफुलाबाई म्हणाल्या, "मुनीम, तुमी बी." मी मान हलवली.

दवाखान्यातल्या एका नर्सने पंचफुलाबाईंना छाती मोकळी करायची रीत शिकवली होती. माणसाला उतरत्या जागेवर, डोकं खाली येईल असं निजवायचं. हाताचा तळवा ओंजळीसारखा पोकळ करायचा आणि पाठीवर, बरगड्यांवर ठेक्याने थापा मारायच्या, म्हणजे आतला कफ सुटतो. नर्सने दोन मिनिटं दाखवलं आणि पंचफुलाबाईंनी हात लावताच ती म्हणाली, "अम्मा, पहले कहीं सीखी थी क्या?" त्यांचे वडील ढोल वाजवत. पोकळ हाताची थाप लहानपणापासून त्यांच्या कानात होती.

घरी आल्यावर दगडोबाने बाजेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा घातल्या. सकाळी मेंढ्या सोडण्याआधी आणि संध्याकाळी वाड्यात घातल्यावर, घरात हा कार्यक्रम सुरू झाला. कफ सुटू लागला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा दगडोबा आडवा झाल्यावर सरळ झोपू लागला. मला भेटला की म्हणायचा, "मुनीम, छातीत जागा झाली. आता वारा कुठं ठेवू असं झालंय."

पण त्या घराच्या भिंती तुराट्यांच्या कुडाच्या. आवाज सगळ्या वस्तीला जायचा, दिसत मात्र काही नव्हतं. धप धप धप, मग दगडोबाचं खोकणं, कण्हणं, मग पंचफुलाबाईंचा आवाज, "पालथे व्हा. आता ह्या कुशीवर व्हा. अजून निघालं न्हाई, हलू नका." सकाळ-संध्याकाळ, रोज. दिवाळीपर्यंत सगळ्या वस्तीची खात्री झाली की पंचफुला नवऱ्याला मारते.

किसनरावांनी बिरोबाच्या पारावर बैठक बोलावली. मलाही निरोप आला, कारण हैदराबादला मी सोबत होतो; तिथे नेमकं काय बिनसलं हे मला माहीत असेल अशी त्यांची समजूत. पारावर पुरुष, देवळाच्या बाजूला बाया. दगडोबाला कशासाठी बोलावलं ते ठाऊक नव्हतं. मेंढ्यांवर कर बसवतात की काय, असं त्याने मला हळूच विचारलं.

किसनराव घसा साफ करून म्हणाले, "दगडू, खरं सांग. लाजू नको. इथलं बोलणं इथंच राहील."

सगळी वस्ती जमली होती.

"काय सांगू?"

"तकलीफ काय हाय घरात?"

"काईच न्हाई. लय चांगलं चाललंय."

"ऐकलं का," मागून कुणीतरी म्हणालं, "मार खाऊन बी चांगलं म्हणून राहिला. किती भेव!"

"कोणाचा मार?"

"रोज सांजसकाळ कोणाचा आवाज येऊन राहिला मंग? तू काय बाज बडवतू का?"

दगडोबाला समजलं तेव्हा त्याला इतकं हसू आलं की त्यातून खोकल्याची उबळ आली आणि तो पायरीवर बसला. पंचफुलाबाई बायांमधून उठून आल्या. त्याला पाराच्या उतरत्या कडेवर पालथं घातलं आणि सगळ्यांसमोर पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. एक म्हातारा ढोलवाला कान देऊन ऐकत होता, तो म्हणाला, "मार कुठला हा. ठेका हाय. गजाढोलाचा." दगडोबा खोकला, मोकळा झाला, तोंड पुसून उठून बसला.

"औषध हाय हे," तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलेलं."

बैठक तिथेच संपायला हवी होती. लोक हसत उठूही लागले. पण किसनराव चुकीचे ठरले होते आणि कारभाऱ्याला ते पचत नव्हतं. ते म्हणाले, "असंल औषध. पर वांझ बाईचा हात, त्यानं कोणाचं भलं व्हतंय?"

पंचफुलाबाई बायांकडे निघाल्या. दगडोबाने त्यांच्या पदराचं टोक धरलं.

"थांब. किसनआबा, बसा खाली. तुमी मला दोनदा बसवलं व्हतं, आज मी तुमाला बसवतो."

"आवं, गप ऱ्हावा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पोरीचं बघा."

"पोरीचंच बघून राहिलो." मग तो सगळ्यांना उद्देशून बोलला. "हा रोग मला जन्मापासून हाय. ह्या रोगानं गड्याला लेकरू व्हत न्हाई. हैदराबादच्या डॉक्टरनं तपासून सांगितलंय, हे मुनीम साक्षीला हायत. वांझ ती न्हाई. मी हाय. तुमाला नाव ठेवायचं तर मला ठेवा, अन् माझ्या तोंडावर ठेवा."

पुरुषाने हा शब्द स्वतःला लावलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. पारावरच्या कुणीही ऐकला नसावा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खरं आहे."

किसनराव काठी टेकत खाली बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी तुझ्यासाठी बघितलेली दुसरी पोरगी बी..."

"ती बी अशीच बसली असती, आबा. तिचं नशीब चांगलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग किसनरावही हसले. प्रभू मात्र हसत नव्हता. त्याने धाकट्या भावाला बाजूला घेतलं. "दगडू, बायकोचं नाव धुतलंस, चांगलं केलंस. पर डोंगरकड्याला मी काय सांगू?"

सांगावं लागलंच नाही. पुढच्याच बाजाराला सटवाजी माझ्या टेबलासमोर उभे होते. उंच, किडकिडीत माणूस, खांद्यावर घोंगडी. "मुनीम, तुमी म्हणे साक्षीदार हायत. पोरीच्या घरात खारा रोग हाय का?"

माझ्या अर्धवट माहितीवर एका मुलीचं लग्न ठरावं किंवा मोडावं हे मला बरोबर वाटलं नाही. मी त्यांना आणि प्रभूला जीपमध्ये बसवून हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दीपमालाही आली. बाईंनी तिला तपासलं, खोकला आहे का, वजन किती, सगळं विचारलं. मुलगी ठणठणीत होती. मग त्या सटवाजींना समजावू लागल्या. आजार दोन्हीकडून आला तरच माणसाला होतो. एकाकडून आला तर माणूस धडधाकट असतो, त्याला कळतही नाही. दगडोबाचे आई-बाप असेच धडधाकट होते.

सटवाजी डोळे बारीक करून ऐकत होते. "म्हंजे पांढऱ्या जोडीला कधीकधी काळं कोकरू व्हतं, तसं?"

"अगदी तसंच."

"त्याच्यापायी मेंढा कोणी विकत न्हाई."

"नका विकू," बाई म्हणाल्या.

सटवाजींनी टोपी काढून पुन्हा घातली. "खरं सांगू का, बाई. मी काल पोराला मेंढरात उभा केला. घामाघूम व्हईपर्यंत पळवला अन् उभा केला. एक बी मेंढी चाटायला आली न्हाई. मंग मीच त्याचं कपाळ चाटून पाहिलं. पोरगं म्हनलं, बा, तुमी येडे झाले का."

दीपमाला तोंडाला ओढणी लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. चाटण्यावरून सगळं कळत नाही, पण धोका फार थोडा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी हसू आवरून सांगितलं. सटवाजींना तेवढं पुरे होतं. बाहेर आल्यावर प्रभूला म्हणाले, "ज्यानं भर पारावर असं सांगितलं, त्याच्या घरचं काई लपलेलं नसंल. तारीख काढा."

लग्न एप्रिल २००२ मध्ये झालं. हळदीच्या सकाळी मी मांडवात होतो. सवाष्णी पाटाभोवती जमल्या. पंचफुलाबाई नेहमीप्रमाणे चुलीकडे. दीपमाला पाटावर बसली आणि हळदीची वाटी पुढे आली तसा तिने चेहरा बाजूला केला. "काकू कुठंय?"

"भाकरी करून राहिली," कुणीतरी म्हणालं. "लाव गं, येळ जातोय."

"भाकरी दुसरं कोणी बी करंल. काकूनं लावल्याबिगर मी लावून घेणार न्हाई."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. किसनरावांची बायको कमलबाई त्यांच्यात वयाने मोठी. तिने वाटी उचलली, चुलीपाशी गेली आणि पंचफुलाबाईंच्या पिठाच्या हातात ठेवली. "चल," एवढंच म्हणाली.

पंचफुलाबाईंनी हात पुसले. पाटाजवळ येऊन वाकल्या, पण बोटं हळदीत बुडवून तशाच थांबल्या. कुठून सुरुवात करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हे कधी केलंच नव्हतं. दीपमालेने त्यांचं मनगट धरून हात आपल्या गालावर नेला. मांडवाच्या खांबाशी दगडोबा उभा होता. त्याला खोकला आला, तो त्याने दाबून धरला, आणि मग दाबता येईना तेव्हा मांडवाबाहेर गेला.

आज दगडोबाने पन्नाशी गाठली आहे. मेंढ्या कमी केल्यात, लांबच्या चराईला आता वस्तीतला एक तरुण जातो. उन्हाळ्यात कमरेला मिठाची आणि साखरेची पुडी असते. दोन पावसाळ्यांत त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, एकदा तर आम्ही आशा सोडली होती. पण डॉक्टरीणबाईंनी सोडली नाही. वाफेचं यंत्र त्यांनीच कुठून तरी मिळवून दिलं. वीज नसली की ते बंद, पण पंचफुलाबाईंचा हात विजेवर चालत नाही. डोंगरकड्याहून दीपमाला आली की तिच्या मुलीलाही पंचफुलाआजीकडून ठेका शिकायला मिळतो. ती दगडोबाच्या पाठीवर दोन्ही हातांनी बडवते आणि तो खोटंखोटं कण्हतो. मुलीचं अंग खारट नाही. जन्मल्या दिवशी सटवाजींनी खात्री करून घेतली होती.

मागे एकदा मी दगडोबाला विचारलं, एवढं सोसलं, देवावर राग येत नाही का. तो म्हणाला, "कशाचा राग? बाकीच्यांना बायको हाय, मेंढरं हायत. पर रोज सकाळी कोणी पाठीवर थाप मारतं का त्यांच्या?" मी विचार केला. माझ्या पाठीवर कुणी थाप मारलेली मला आठवेना.

गेल्या हिवाळ्यात पंचफुलाबाईंनी स्वतः कातलेल्या लोकरीची एक घोंगडी मला दिली. किंमत दोनशे चाळीस रुपये. माझ्याजवळ दोनशेच सुटे होते. उरलेले द्यायला मी तीनदा गेलो. त्या घेत नाहीत, दगडोबाकडे बोट दाखवतात, आणि तो त्यांच्याकडे. चाळीस रुपये मी अजून त्यांना देणं लागतो.